तळपायाला कळतं तेवढं

मन्मथअप्पा कुणाच्याही शेतात शिरण्याआधी धुऱ्यावर चपला काढून ठेवायचे. दोन शेतांमधला गवताचा बांध, त्याला आमच्याकडं धुरा म्हणतात. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडीनं चपला ठेवायच्या, काळ्या रानात चार पावलं आत जायचं आणि गप्प उभं राहायचं, एवढंच. बघणाऱ्याला वाटायचं, भाविक माणूस आहे, भुईचं दर्शन घेतोय. गावात नव्यानं आलेल्या ग्रामसेवकालाही तसंच वाटलं आणि तो हात जोडून म्हणाला, की अप्पा, तुमची ही भक्ती पाहून बरं वाटलं. अप्पांनी सदऱ्यावरून गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं.

"भक्तीचं इथं हाय," ते म्हणाले. "हे निराळं. भुई गार हाय का तापलेली, मऊ हाय का टणक, ते बघायलोय. हात फसतो. तळपाय न्हाई फसत."

'बघायलोय' हा त्यांचा शब्द. अप्पा, यंदा वरच्या तुकड्यात काय पेरणार? बघायलोय. नुसत्या शेणखतावर सोयाबीन येतं का हो? बघायलोय. पुण्याचा तुमचा शिवराज गावाकडं येणार का? बघायलोय. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हा शब्द टाळाटाळीचा वाटला असता. अप्पांच्या तोंडी तो शब्दशः खरा असायचा. बावीस वर्षं खताची गोणी आणि औषधाची बाटली बाजूला ठेवून सात एकर कोरडवाहू रान कसलं, तरी त्यांचं बघणं संपलेलं नव्हतं. लांबलांबून माणसं त्यांच्याकडं उत्तर न्यायला यायची आणि आणखी एक प्रश्न घेऊन परत जायची. काही जण त्यामुळं चिडायचेही.

त्यांना जाऊन आता चार महिने होत आले. मी रोज थोडं लिहायला बसते आणि दोन ओळींवर थांबते. त्यांचं चरित्र लिहावं इतकं माझ्याजवळ काही नाही. ते मला जेवढे दिसले तेवढेच ठाऊक आहेत, आणि दिसले तेही बहुतेक पाठमोरे, पुढं चालताना.

मी मानवतला शाळेत मराठी शिकवते. पालमजवळच्या आमच्या गावात वडिलांचं चार एकर रान आहे. मी एकुलती एक, म्हणून ते माझ्याकडं आलं. मी ते बटईनं देते. कसणारा दुसरा आणि पीक निम्मं निम्मं. महिन्यातला एखादा रविवार परभणीला गाडी बदलून मी गावी जाते, रानात एक चक्कर मारते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. माझं रान वरच्या अंगाला आहे, अप्पांचं खालच्या अंगाला. मधे धुरा. पाऊस माझ्या रानात पडतो आणि अप्पांच्या रानातून ओढ्याला जातो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं कळेल.

अप्पा उंच, वाळके, आणि सतत उभे. जेवतानासुद्धा हातावर भाकरी घेऊन ओसरीत फेऱ्या मारायचे. त्यांच्या बायकोचं, महानंदाकाकूंचं म्हणणं असं, की देवानं ह्यांच्या पायाखाली भुई दिली, बुडाखाली द्यायची विसरला. कुणाच्या लग्नात गेले तरी मांडवाबाहेर जाऊन मांडवासाठी खणलेल्या खड्ड्यातली माती बोटांनी चुरत बसायचे. बसायचे हा शब्द चुकला. वाकायचे.

माझ्या वडिलांशी त्यांची लहानपणापासूनची दोस्ती होती. दोघांमध्ये एक ठरलेली थट्टा चालायची. अप्पा लिंगायत, त्यांच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवून माती देतात. ते वडिलांना म्हणायचे, "तुमी जळून मोकळे होता. आमाला भुईत बसायचंय. जिथं बसायचं ती जागा माणूस आधी झाडून घेतो का न्हाई?" वडील गेले तेव्हा अप्पा सरणापासून लांब उभे होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सुधे, आता धुऱ्याच्या त्या अंगाला तू हायस." सांत्वन म्हणून ते एवढंच बोलले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

पालमच्या बाजारच्या दिवशी एकदा ते मला स्टँडसमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. दोन चहा सांगितले आणि वर दोन गिलास पाणी. मग सदऱ्याच्या खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढल्या. प्रत्येकीत मातीचं एक वाळलेलं ढेकूळ. एकेक ढेकूळ एकेका गिलासात अलगद सोडलं. हॉटेलवाला गल्ल्यावरून बघत होता.

"अप्पा, त्या गिलासात लोकं च्या पितेत."

"मग नीट धू की. लोकं मातीवरच जगायलेत."

एका गिलासातलं ढेकूळ बघता बघता फुटलं. पाणी गढूळ झालं, तळाशी गाळ बसला. दुसऱ्यातलं नुसते बुडबुडे सोडत राहिलं, आकार काही मोडला नाही, आणि पाणी निवळच राहिलं. मी विचारलं, यातलं तुमचं कुठलं? ते म्हणाले, च्या घे, निवायलाय. मी चहा संपवला आणि मग मला कळलं, की फुटलेलं माझ्या रानातलं होतं.

बाहेर पडल्यावर चालता चालता, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "पाणी आलं की तुझी भुई पळून जाती. माझ्या रानातून जाती, म्हणून मला जाताना दिसती. तुला दिसत न्हाई."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. माणूस आजारी आहे हे त्याच्या घरच्यांना सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. मी मानवतला परत आले, सहामाहीचे पेपर आले, आणि ते गिलास मागं पडले.

अप्पांबद्दल लोक एक गोष्ट हमखास सांगतात. परभणीला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात त्यांना 'शाश्वत शेती आणि तिचं भविष्य' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. भाषण मी लिहून दिलं. चार पानं, स्वच्छ अक्षरात. त्यांनी ती एसटीत दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली, आणि व्यासपीठावर गेल्यावर म्हणाले, "बाईंनी लय चांगलं लिहून दिलंय. पण ते खरं न्हाई." लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसले.

मग ते बोलले. शाश्वत हा देवाचा शब्द आहे, तो शेतीला लावू नका, म्हणाले. माणसाच्या हातचं काहीच शाश्वत नसतं. "टिकाऊ म्हणा. गोधडी टिकती तशी. दर उन्हाळ्याला उसवायची, जिथं इरली तिथं चिंधी लावायची, परत शिवायची. शिवणारा उठून गेला की नुसत्या चिंध्या राहत्यात. भविष्याचं मला काय इचारता? सुई कुणाच्या हातात राहणार हाय, ते सांगा, मग मी भविष्य सांगतो."

टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत बायकांच्या रांगेतून महानंदाकाकू उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"ह्यांची शेती टिकाऊ हाय," त्या म्हणाल्या. "माझी कंबर न्हाई. औषध मारत न्हाईत, चांगलं हाय. मग तण निंदायला कोण वाकतंय, ते बी सांगा म्हणावं."

सभा मोठ्यानं हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माईकजवळ जाऊन "हे खरं हाय" एवढंच म्हटलं आणि खाली उतरले. परतीच्या गाडीत जागा असून ते दारापाशी दांडा धरून उभे राहिले.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी जी धडपड केली, ती सगळ्या गावानं पाहिली. पालमच्या वेल्डिंगवाल्याकडून जुन्या सायकलचं चाक, दांडा आणि पुढं लोखंडी पास, म्हणजे पातं, असलेलं तण काढायचं एक कोळपं करून घेतलं. ते उभ्यानं ढकलायचं. पहिलं जड झालं, दुसरं ओल्यात रुतायला लागलं, तिसरं चाललं. गावातली पोरं म्हणायची, अप्पांनी म्हातारपणी सायकल घेतली, तीही एकाच चाकाची. काकू म्हणायच्या, लगीन होऊन चाळीस वर्षांनी ह्यांना माझी कंबर दिसली. अप्पा ऐकून घ्यायचे आणि ढकलत राहायचे. एकदा धुऱ्याशी थांबून, घाम पुसत ते मला म्हणाले, "तण कुणाच्या तरी अंगावर येतंच, बाई. औषध मारलं तर भुईच्या अंगावर, न्हाई मारलं तर बायांच्या. आता थोडं माझ्या अंगावर घेऊन बघायलोय."

मला ते 'बाई' म्हणायचे ते शाळेतली म्हणून, चिडवायला. मायेनं बोलायचे तेव्हा 'माय' म्हणायचे. ते क्वचित.

आता मला माझ्या चुकीपाशी यावं लागेल.

माझं रान माणिक बटईनं करतो. कष्टाळू, सरळ माणूस. मार्च महिन्यात त्याचा फोन आला, की ट्रॅक्टर वळायला जागा पुरत नाही, धुरा थोडा रेटून घेऊ का? माझ्यासमोर दहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन. मी म्हटलं, "बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा." फोन ठेवला तेव्हा समोरच्या पेपरातला तो प्रश्नसुद्धा तपासून झाला नव्हता.

तो धुरा अप्पांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून घातला होता. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. त्यावर पवन्याचं दाट गवत, दोन बोरी आणि एक निंब. मे महिन्यात मी गेले तेव्हा निंब तेवढा उरला होता. गवत नांगराखाली गेलं होतं आणि हद्द दाखवायला चार दगड राहिले होते. माणिकनं हौसेनं दाखवलं, की बाई, पेरायला चार तासं, चार ओळी जास्त निघाल्या. मी बरं म्हटलं. अप्पा खालच्या अंगाला पाठमोरे काम करत होते. मी हाक मारली नाही.

आषाढात एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. माझ्या रानातली माती, आणि तीत चार दिवसांपूर्वी मारलेलं तणनाशक, अडवायला काही नसल्यामुळं सरळ खाली उतरलं. अप्पांच्या वरच्या तुकड्यातल्या तुरीच्या ओळी माझ्या गाळाखाली गाडल्या गेल्या. त्याच्या खालची रोपं पिवळी पडून बसली. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. अप्पांनी फोन केला नाही. भेटले तेव्हा मीच विषय काढायला गेले, तर म्हणाले, "पाऊस लय झाला," आणि माझ्या शाळेची चौकशी करायला लागले.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. घरची सगळी माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिथं पूजा होते, मग भज्जी, उंडे, आंबील. जेवायच्या आधी घरचा पुरुष आंबिलीचं मडकं घेऊन रानाभोवती फिरतो आणि पिकावर आंबील शिंपडतो. वडील गेल्यापासून माझ्या रानाचं शिंपणं अप्पाच करायचे. आपलं झालं की धुरा ओलांडून माझ्याकडं यायचे. दोन्ही रानांना मिळून एकच मोठा फेरा, सगळा अनवाणी.

त्या वर्षी आपल्या रानाचा फेरा संपवून ते वर आले. आपल्या रानातून ते अनवाणीच यायचे, पण त्या दिवशी मधेच परत वळून त्यांनी कोपीपाशी ठेवलेल्या चपला पायात घातल्या. मग धुरा जिथं होता तिथं येऊन क्षणभर थांबले. खाली बघितलं. आणि चपला घालून माझ्या रानात शिरले.

चारी एकराला त्यांनी आंबील शिंपडली. एक कोपरा सोडला नाही. ज्वारी कमरेइतकी होती, त्यामुळं त्यांचे पाय दिसत नव्हते, पण चपलांचा फटफट आवाज मला सबंध फेराभर ऐकू येत होता. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण काढून परत ठेवलं. जेवताना मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही आणि काकूंनी आग्रहही केला नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेले. ते अंगणात कोळप्याच्या चाकाला तेल देत होते. येताना गाडीत मी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी विसरले.

"अप्पा, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"कामून?"

"येळवशीला तुम्ही चपला काढल्या नाहीत."

त्यांनी तेलाचा डबा ठेवला आणि ते चक्क खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते काकूंनाही नीट माहीत नव्हतं असं वाटतं. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. काकूंची कंबर तेव्हा पहिल्यांदा धरली होती, त्या खाटेवरून उठत नव्हत्या. तीन आठवडे झड लागलेली. तण गुडघ्याला आलं आणि निंदायला गावात बाई मिळेना. अप्पा पालमला गेले, तणनाशक आणलं, आणि दोन एकरावर स्वतः पंप घेऊन मारलं. लोकांना सांगितलं, माणसं लावून निंदलं. त्याच हिवाळ्यात त्यांची शेती बघायला बाहेरगावची माणसं आली. अप्पांनी त्यांना उरलेल्या पाच एकरांतून फिरवून परत पाठवलं.

"कुणी काय म्हणालं न्हाई," ते म्हणाले. "पण ते सालभर मी त्या दोन एकरात चपला घालून हिंडलो. अनवाणी गेलो असतो तर कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं."

काकूंनी आतून चहाचं विचारलं. अप्पांनी हातानंच नको म्हटलं.

"तुझ्या रानात बी तसंच झालं, माय. राग न्हाई. भ्या वाटलं."

ते उठले, चाक एकदा फिरवून बघितलं, आणि मागितलं ते एवढंच. शिवराज, त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. तो येतो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्याच्या मागं लागायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "मी माझं कितीबी जपलं तरी पाणी तुझ्याकडून येतंय. एकट्याचं रान टिकत न्हाई, हे मला लय उशिरा कळालं. मी बावीस वर्सं माझीच गोधडी शिवायलो. तू धुरा परत घाल. दुसरं काय मागत न्हाई."

मी हो म्हटलं. आणि माणिकशी बोलायला मला तीन महिने लागले. वर्गात मी पन्नास मुलांपुढं बोलते, पण रानात उभ्या असलेल्या कष्टाच्या माणसाला त्याचं काम सांगायला माझी जीभ वळत नाही. अखेर चैत्रात एका रविवारी बोलले. माणिकनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी पुस्तकातलं बोलायलाव. माणसं कुठं हायत निंदायला?" त्याचं बरोबर होतं. बांधात जाणारी तासं माझ्या वाट्यातून धरा, असं मी म्हटलं. तणनाशक मात्र तो सोडेना. तेवढ्यात अप्पा खालून कोळपं ढकलत वर आले आणि ते माणिकपुढं उभं केलं.

माणिकची बायको रुक्मिण बाजूला धसकटं वेचत होती. ती कंबर सरळ करून म्हणाली, "हे ढकलायचं कुणी? ते आधी ठरवा."

"त्यानं," अप्पा म्हणाले. "आमच्यात बी मीच ढकलतो. इचार तुझ्या काकूला."

रुक्मिण पदर तोंडाला लावून हसली आणि माणिकचा विरोध निम्मा तिथंच संपला. पुरता संपला नाही. निम्म्या रानात कोळपं, निम्म्यात औषध, असं ठरलं. मला तो पराभव वाटला. अप्पांना वाटला नाही. "अर्धं तर अर्धं," म्हणाले. "एका उन्हाळ्यात कुणाची गोधडी झालीय?"

मृगात त्यांनी आपल्या बांधावरच्या पवन्याची ठोंबं काढली आणि नव्या धुऱ्यावर आपल्या हातानं लावली. मी ठोंबं पुढं करत होते, ते खड्डा करत होते. माणिक दोनदा म्हणाला, अप्पा, मी लावतो. त्यांनी ऐकलं नाही. त्या पावसाळ्यात माझ्या रानातून खाली जाणारं पाणी ते धुऱ्याशी उभे राहून बघायचे, असं काकू सांगत. काय दिसलं, ते काही बोलले नाहीत.

दिवाळीनंतर त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. येळवशीला ते रानात आले नाहीत. दोन्ही रानांना काकूंनी आंबील शिंपडली. वैशाखात ते गेले.

माती त्यांच्याच रानात दिली, खालच्या कोपऱ्यात, ओढ्याकडं तोंड करून. खड्डा खणायला माणिक आणि आणखी दोघं होते. वैशाखातली आमची काळी भुई दगडासारखी असते, हाताएवढ्या भेगा पडलेल्या. म्हणून ते कुदळी आणि पहार घेऊन आले होते. वरची वीत-दीड वीत माती नुसत्या फावड्यानं निघाली. माणिक थांबला, मूठभर उचलून चुरली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे आधी ठाऊक असतं तर कुदळ नसती आणली." त्याच्या खाली मात्र जुनी कडक भुई लागली आणि कुदळी चालायला लागल्या. बावीस वर्षांत वीत-दीड वीत. मला ते खूपही वाटलं आणि फार थोडंही. अजून ठरवता येत नाही. स्वामींनी मंत्र म्हटले, अप्पांना आत बसवलं. मी त्यांना एवढा वेळ एका जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शिवराजनं ते रान माणिकलाच बटईनं दिलं आहे. काकूंनी दोन अटी घातल्या: धुऱ्याला हात लावायचा नाही, आणि कोळपं त्यानं ढकलायचं, रुक्मिणनं नाही. बोलणं एका वर्षाचं झालं आहे. पुढचं शिवराजला ठाऊक नाही आणि मलाही नाही. आता भाद्रपद आहे. पाऊस झाला की मी पुढचा रविवार न चुकता गावी जाते आणि धुऱ्याशी उभी राहून बघते. पाणी पूर्वीइतकं गढूळ नाही, असं मला वाटतं. पण मला तसं वाटायला हवं आहे, म्हणून माझ्या वाटण्यावर माझा विश्वास नाही. मी अजून चपला काढून आत गेलेले नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते माती देताना नव्हे. माझ्या लेखी नव्हे. त्याच्या तीन आठवडे आधी, चैत्रातल्या एका संध्याकाळी. शिवराज त्यांना परभणीच्या दवाखान्यातून गाडीत घालून घरी आणत होता. मी रानात होते. गाडी रस्त्यावर थांबली आणि अप्पा शिवराजच्या खांद्याला धरून खाली उतरले. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. धुऱ्यापर्यंत आले आणि त्यांनी शिवराजला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

पवना उन्हानं वाळून पिवळा पडला होता, पण ठोंबं जागेवर होती. अप्पांनी एका ठोंबाला पायानं हलवून बघितलं. ते हललं नाही. मग त्यांनी चपला काढायला वाकून पाहिलं, आणि वाकता येईना तेव्हा माझ्याकडं बघितलं.

"काढ गं माय."

मी म्हटलं, राहू द्या अप्पा, भुई तापलेली आहे, तुमची तब्येत बरी नाही. ते खरं होतं, पण माझं कारण ते नव्हतं. एकच वर्ष झालं होतं, तेही निम्म्या रानात. त्यांच्या तळपायांना काय कळेल, याची मला भीती वाटत होती.

"काढ," ते परत म्हणाले.

मी खाली बसले आणि एकेक पाय उचलून त्यांच्या चपला काढल्या. पाय सुजले होते. ते माझा हात सोडून धसकटांमधून चार पावलं आत गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. उन्हं उतरत होती. गाडीतून शिवराजनं एकदा हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. चपला ठेवायला धुऱ्यावर आता गवत होतं, तरी मी त्या खाली ठेवल्या नाहीत, हातातच धरून राहिले. बराच वेळ गेला. शेवटी मला राहवेना.

"काय अप्पा?"

त्यांनी मान वळवली नाही.

"थांब. बघायलोय."